पाण्याने ठसका, भाकरी मात्र जाते!

इंदापूर तालुक्यातील एका वाचकाने पत्र लिहून विचारले आहे, की वडिलांच्या अंगावरून वारे गेल्याला तीन आठवडे झाले. मऊ घास कसाबसा जातो, पण पाणी पाजले की ठसका लागतो. हे उलटेच कसे? पाणी तर घासापेक्षा सोपे!

प्रश्न चांगला आहे आणि तो एकट्याचा नाही. लकव्याच्या पहिल्या काही दिवसांत जवळजवळ निम्म्या रुग्णांना गिळण्याचा कमी-अधिक त्रास असतो.

घशात अन्नाची आणि श्वासाची वाट एकमेकींना छेदते. जिभेने घास मागे ढकलला की नाकाकडचा मार्ग बंद होतो, स्वरयंत्र वर उचलले जाते, श्वासनलिकेच्या तोंडावर झाकण पडते, श्वास थांबतो आणि अन्ननलिकेचे तोंड उघडते. हे सारे साधारण एका सेकंदात. गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळून पाहा, कंठमणी वर सरकलेला कळेल. लकव्यात हे झाकण पडायला उशीर होतो. घट्टसर घास सावकाश सरकतो, म्हणून तो उशीर निभावून जातो. पाणी मात्र, पाटाचे दार पाडायच्या आत शेतात शिरावे, तसे श्वासनलिकेत शिरते.

ठसका लागतो हे एका अर्थी बरे, कारण तो फुफ्फुसाचा राखणदार आहे. काही रुग्णांत हा राखणदारच झोपलेला असतो. पाणी छातीत उतरते आणि खोकलासुद्धा येत नाही. मग चार दिवसांनी ताप येतो, छाती घरघरते, घरचे म्हणतात सर्दी झाली. तो न्यूमोनिया असतो, आणि लकव्यातून वाचलेली माणसे त्याने दगावतात. पाणी प्यायल्यावर आवाज ओला, गुळगुळ येणे, जेवायला तासभर लागणे, वजन उतरणे, ही लक्षणेही ध्यानात ठेवावीत.

आपल्याकडे माणूस पडला की पहिल्यांदा त्याच्या तोंडात पाणी घालतात. भेटायला येणारे शहाळे आणतात आणि निजल्या जागी चमच्याने पाजतात. माया खरी, पण लकव्याच्या रुग्णाचे गिळणे तपासल्याशिवाय तोंडाने काहीही देऊ नये. पाणी नाही, औषधाची गोळीही नाही.

ही प्राथमिक तपासणी खाटेजवळच होते. रुग्ण पूर्ण जागा आहे ना, बसू शकतो ना, हे आधी पाहतात. मग चमचाभर पाणी देऊन कंठमणी उचलला जातो का, ठसका येतो का, आवाज बदलतो का, हे तपासतात. शंका राहिली तर नाकातून बारीक दुर्बीण घालून, अथवा बेरियम मिसळलेले अन्न गिळताना क्ष-किरणाने चलच्चित्र घेऊन नेमका दोष शोधतात. या कामातले जाणकार म्हणजे वाचा-उपचारतज्ज्ञ. ते फक्त तोतरेपणा घालवतात, असा समज आहे. गिळण्याचे व्यायामही तेच शिकवतात. बारामतीला २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे कान-नाक-घसा विभागात, नाहीतर पुण्याला ससूनमध्ये चौकशी करावी.

नाकातून नळी घातली की नातेवाइकांचा धीर सुटतो. तसे मानू नये. बहुतेकांचे गिळणे काही आठवड्यांत सुधारते. तोवर पोटात अन्न-पाणी जायला हवे. खूपच लांबले तर पोटातून नळी बसवता येते.

तोंडाने देण्याची परवानगी मिळाली, की रुग्णाला ताठ बसवून भरवावे आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच बसू द्यावे. घास लहान, चांगल्या बाजूच्या गालात. पहिला गिळल्याशिवाय दुसरा नाही. भरवताना गप्पा नकोत, टीव्ही बंद. हनुवटी छातीकडे झुकवून गिळणे काहींना उपयोगी पडते, काहींना नाही. ते तज्ज्ञाला विचारूनच करावे.

आता आपल्या आवडत्या दूध-भाकरीविषयी. म्हाताऱ्या माणसाला मऊ म्हणून आपण भाकरी दुधात कुस्करून देतो. पण त्यात पातळ दूध आणि गोळे असे दोन प्रकार एकाच घासात येतात, आणि कमजोर घशाला तेच सर्वांत अवघड. पातळ आमटीत चुरलेल्या भाकरीचेही तेच. त्यापेक्षा सगळे घोटून एकजीव करावे. घट्ट कण्हेरी, घोटलेला वरण-भात, गाळलेले अंबील चालते. पाणी घट्ट करून देण्याची पावडर मिळते. तिने पाणी छातीत जाणे कमी होते, पण ते चवीला नकोसे वाटते आणि रुग्ण पाणीच कमी पितो; आपल्या उन्हाळ्यात त्याकडे लक्ष हवे. गोळी कुटून देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, सगळ्याच गोळ्या कुटायच्या नसतात.

तोंड सकाळ-संध्याकाळ स्वच्छ करावे. घाण तोंडातली लाळ छातीत गेली तर न्यूमोनिया लवकर होतो. मिश्री लावणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या रुग्णांचे तर अवश्य.

याहून वेगळी एक तक्रार असते. आधी भाकरी अडकते, मग भात, शेवटी पाणीही, आणि दोष छातीत वाटतो. हा प्रकार लकव्याचा नव्हे, अन्ननलिकेच्या वाटेतील अडथळ्याचा. तंबाखू, विडी, दारू असलेल्या माणसात कर्करोगाची शंका आधी घ्यावी. अंगात रक्त कमी असलेल्या स्त्रियांत कधीकधी घशाशी पातळ पडदा तयार होतो; दुर्बिणीने तो ताणून मोकळा करतात, लोहाच्या गोळ्याही देतात. दोन-तीन आठवडे घास अडकत असेल, तर आम्लपित्ताच्या गोळ्या घेत बसू नये, दुर्बीण तपासणी करून घ्यावी.