१ जानेवारीच्या दोन याद्या

दरवर्षी १ जानेवारीला भारत आणि पाकिस्तान एकमेकांना दोन याद्या देतात. एकीत आपापल्या अणुकेंद्रांचे अक्षांश-रेखांश असतात, दुसरीत तुरुंगातल्या कैद्यांची आणि मच्छीमारांची नावे. दोन्ही याद्यांशी पालघर जिल्ह्याचा संबंध येतो. बोईसर स्टेशनापासून काही किलोमीटरवर, तारापूरच्या किनाऱ्यावर चार अणुभट्ट्या आहेत आणि त्याच किनारपट्टीतले खलाशी ओखा-पोरबंदरच्या बोटींवर कामाला जातात.

अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार ३१ डिसेंबर १९८८ रोजी इस्लामाबादला झाला. तेव्हा राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो पंतप्रधान होते. तो २७ जानेवारी १९९१ ला अमलात आला, आणि १९९२ पासून यादी एकाही वर्षी चुकलेली नाही, कारगिलनंतरच्या जानेवारीतही नाही. यादी गोपनीय असते. पण वीज बनवणाऱ्या अणुभट्ट्या आणि वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करणारे कारखाने कराराच्या व्याख्येतच आहेत, आणि तारापूरला दोन्ही आहेत. युद्धात अणुवीज केंद्रांना संरक्षण देणारे कलम जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पुरवणी करारात आहे. मात्र भारताने त्यावर सहीच केलेली नाही आणि पाकिस्तानने सही करूनही तो मंजूर केलेला नाही. त्यामुळे दोघांना बांधणारा कागद मुख्यतः १९८८ चा करारच.

अणुभट्टीसाठी वेगळा करार का लागतो, याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. अणुभट्टी बंद करता येते, विझवता येत नाही. नियंत्रक दांडे आत सोडले की युरेनियमच्या विखंडनाची साखळी काही सेकंदांत थांबते. पण तोवर फुटलेल्या अणूंचे तुकडे किरणोत्सारी असतात आणि ते आपल्या गतीने उष्णता सोडत राहतात. बंद केल्या क्षणी ही उष्णता मूळच्या सहा-सात टक्के असते, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास, दिवसाने अर्ध्या टक्क्याच्या जवळ. आकडे किरकोळ वाटतात. तारापूरची ५४० मेगावॉटची भट्टी तेवढी वीज काढण्यासाठी सुमारे १,७०० मेगावॉट उष्णता निर्माण करते. त्याचे सहा टक्के म्हणजे शंभर मेगावॉट, दोन किलोवॉटचे पन्नास हजार गिझर एकदम चालू ठेवावेत एवढे. दुसऱ्या दिवशीही चार हजार गिझर चालूच. ही उष्णता पंपांनी पाणी फिरवून बाहेर काढावी लागते, आणि पंपांना वीज लागते. २०११ मध्ये फुकुशिमाला त्सुनामीने हीच वीज तोडली. इंधनावरचे झिर्कोनियमचे कवच वाफेशी संयोग पावून हायड्रोजन तयार झाला आणि इमारतींची छपरे उडाली.

चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी जानेवारी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून तारापूरचा किल्ला घेतला, तेव्हा आधी तट फोडावा लागला. अणुकेंद्राचा तट शाबूत राहिला तरी पाण्याची आणि विजेची वाट तुटणे पुरेसे असते.

चारही भट्ट्या एका जातीच्या नाहीत. पहिल्या दोन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या, उकळत्या पाण्याच्या पद्धतीच्या. २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी वीज देऊ लागल्या. त्यांना समृद्ध युरेनियम लागते, म्हणजे ज्यात युरेनियम-२३५ चे प्रमाण मुद्दाम वाढवले आहे असे. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने हात आखडता घेतला. पुढे फ्रान्स, चीन, रशिया असे पुरवठादार बदलत गेले. तिसरी आणि चौथी भट्टी देशी बनावटीची. त्या जड पाणी वापरतात. जड पाणी न्यूट्रॉन फारसे गिळत नाही, म्हणून खाणीतल्या युरेनियमवरच, समृद्ध न करता, काम भागते. चौथी २००५ मध्ये आणि तिसरी २००६ मध्ये सुरू झाली, क्रम उलटाच. पहिल्या दोन्ही आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तपासणीखाली आहेत. नागरी आणि लष्करी अणुकेंद्रे वेगळी करणाऱ्या २००६ च्या विभाजन आराखड्यात तिसरी आणि चौथी मात्र तपासणीबाहेर ठेवली गेली. एकाच कुंपणात दोन कायदे नांदतात.

दुसरी यादी २००८ च्या करारातून आली आणि ती वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत दिली जाते. तिच्यातले मच्छीमार समुद्रातली सीमा ओलांडल्यावरून पकडले जातात, पण त्या सीमेच्या वादाचे मूळ जमिनीवर आहे. कच्छ आणि सिंध यांच्यामधल्या सर क्रीक खाडीत सीमा मध्यधारेतून जाते, असे भारत म्हणतो. पाकिस्तान ती पूर्व काठावर धरतो. खाडीच्या तोंडाशी सीमेचे टोक ठरत नाही, म्हणून तिथून समुद्रात जाणारी रेषाही ठरत नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, प्रादेशिक समुद्र आणि २०० मैलांपर्यंत आर्थिक क्षेत्र, हे १९७६ च्या भारतीय कायद्यात आणि १९८२ च्या सागरी कायदा करारात स्पष्ट आहे. प्रश्न शेजाऱ्याबरोबरच्या कडेचा आहे. पाण्यावर कुंपण नाही, जाळे ओहोटीबरोबर सरकते, आणि तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, पापलेट हवे असते.

त्याच सागरी करारातल्या कलम ७३ नुसार, आर्थिक क्षेत्रात मासेमारीचा नियम मोडल्याबद्दल परदेशी मच्छीमाराला, देशांनी तसे आपसात ठरवले नसेल तर, तुरुंगात टाकता येत नाही. करार दोन्ही देशांनी मंजूर केलेला आहे. तरी दोन्हीकडचे खलाशी महिनोन्महिने, काही वर्षानुवर्षे, तुरुंगात राहतात. सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने १९९९ मध्ये ‘सायगा’ जहाजाच्या खटल्यात सांगितले, की बळाचा वापर शक्यतो टाळावा आणि अटळ असेल तर गरजेपुरताच करावा. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी ओख्याच्या ‘जलपरी’ बोटीवर पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाने गोळीबार केला. त्यात मरण पावलेला खलाशी पालघरजवळच्या वडराईचा होता.

संशय दुसऱ्या बाजूनेही येतो. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे ‘कुबेर’ ही गुजरातची मासेमारी बोट पळवूनच आले. त्यानंतर बोटींना रंगसंकेत आणि मच्छीमारांना ओळखपत्रे आली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरलाच, वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या कार्यक्रमात, मासेमारी बोटींवर एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. इस्रोने विकसित केलेले हे यंत्र उपग्रहाच्या मदतीने बोट कुठे आहे ते किनाऱ्याला कळवते, आणि मोबाइलची रेंज संपलेल्या पाण्यातूनही मदतीचा निरोप पाठवते. इंजिन बंद पडलेली बोट प्रवाहाबरोबर रेषेकडे वाहू लागली, तर तो निरोप पोचेपर्यंत तांडेलाच्या हातात नांगरच उरतो.