दारात झडतीचे वॉरंट आले तर

1908 च्या जूनमध्ये पोलिसांनी पुण्यात लोकमान्य टिळकांच्या घराची झडती घेतली. हाती एक कार्ड लागले. त्यावर टिळकांच्या अक्षरात स्फोटकांवरील दोन पुस्तकांची नावे होती. स्फोटकांच्या नव्या कायद्यावर टीका लिहिण्यासाठी ती टिपली, असे टिळकांनी कोर्टात सांगितले. तरी राजद्रोहाच्या खटल्यात सरकारने ते कार्ड पुरावा म्हणून वापरलेच.

कोणाची, कशाची झडती हे न सांगणाऱ्या मोघम वॉरंटांविरुद्ध इंग्लंडमध्ये खासदार जॉन विल्क्स लढला आणि 1760 च्या दशकात तिथल्या कोर्टांनी ती बेकायदा ठरवली. इथे मात्र त्याच इंग्रजांनी 1898 च्या फौजदारी संहितेत ‘सर्वसाधारण झडती’ ठेवली. विशिष्ट वस्तूचे नाव नसलेली ही झडती आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 96 मध्येही आहे. म्हणून आपला बचाव आहे तो झडतीच्या रीतीत.

वाशीम असो की रिसोड, आधी वॉरंट मागून वाचावे. सही, शिक्का आणि जागा पाहावी. कोर्टाने एकच खोली नेमून दिली असेल, तर झडती तेवढ्याच खोलीची. वॉरंट दाखवल्यावर मात्र दार अडवू नये; पोलिसांना आत घेणे कायद्याने भाग आहे.

मग पंच, म्हणजे झडतीचे साक्षीदार. निदान दोन, निःपक्ष आणि शक्यतो त्याच वस्तीतले. पोलीस पंच बरोबरच घेऊन आले, तर ते कुठले, हे जरूर विचारावे. झडतीभर आपण किंवा आपला माणूस हजर राहू शकतो. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची. आता या सगळ्याचे व्हिडिओ चित्रीकरणही सक्तीचे आहे.

घोळ होतो तो पंचनाम्यात, म्हणजे जप्तीच्या लेखी नोंदीत. घाबरून लोक कोऱ्या कागदावर सही करून मोकळे होतात. ‘काही कागदपत्रे’ एवढ्यावर भागवू देऊ नये. कोणता कागद, किती पाने, कुठे सापडला, हे लिहायला लावावे. टिळकांचे तर एक कार्डच होते! पंचांच्या सहीच्या जप्ती-यादीची प्रत हातात घेतल्याशिवाय पोलिसांना निरोप देऊ नये. ती प्रत आपला हक्क आहे.

तपासात निकड असेल, तर पोलीस वॉरंटाविनाही झडती घेऊ शकतात. पण कारणे आधी लिहून ठेवावी लागतात आणि त्यांची प्रत 48 तासांच्या आत जवळच्या मॅजिस्ट्रेटकडे पाठवावी लागते. तिथे अर्ज केल्यास आपल्याला ती फुकट मिळते.