शुक्रवारची गाडी, सोमवारची कचेरी

रोज जा-ये करणारी माणसं आपल्या चांगल्या परिचयाची आहेत. मुंबई-पुणे डेक्कन क्वीन 1930 साली सुरू झाली. तिच्यातले पासधारक, त्यांच्या ठरलेल्या जागा, डब्यात साजरे होणारे वाढदिवस यांविषयी आपण पुष्कळ ऐकलं आहे. आज मला बोलायचंय ते जरा वेगळ्या प्रवाशाविषयी. हा माणूस सोमवार ते शुक्रवार एका गावात नोकरी करतो, शुक्रवारी रात्री गाडीत बसतो, शनिवारी सकाळी आपल्या घरी पोचतो आणि रविवारी संध्याकाळी पुन्हा स्टेशनवर हजर होतो. कोल्हापूरची महालक्ष्मी, मराठवाड्याकडे जाणारी देवगिरी, नागपूरची विदर्भ एक्सप्रेस, यांपैकी कुठल्याही गाडीत शुक्रवारी रात्री डोकावून पाहा, तो तुम्हाला भेटेल. मी स्वतः सहा वर्षं नागपूर-मुंबई असा प्रवास केला, म्हणून माझी उदाहरणं त्याच मार्गावरची आहेत.

पहिला प्रश्न सगळेच विचारतात. ‘एवढी दगदग कशाला? बिऱ्हाडच का हलवत नाही?’ याचं उत्तर बहुधा बदलीच्या मुदतीत असतं. राज्य सरकारच्या 2005 च्या बदली कायद्यानुसार एका जागेवरची सर्वसाधारण मुदत तीन वर्षांची. तीन वर्षांसाठी मुलांची शाळा बदलायची, जोडीदाराने नोकरी सोडायची, म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांना मुंबईच्या दोन खोल्यांत आणायचं आणि पुन्हा सगळं उलट करायचं, हे परवडत नाही. आणि तीन वर्षं नुसत्या रजांवरही काढता येत नाहीत. बँका, विमा कंपन्या, रेल्वे, महाविद्यालयं, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच. शिवाय आता नवरा-बायको दोघेही नोकरी करतात. दोन बदल्यांचा मेळ एका गावात बसेलच असं नाही. मग घर एका जागी स्थिर ठेवायचं आणि एकाने फिरायचं, असा तोडगा निघतो.

याला एक चालना मिळाली ती पाच दिवसांच्या आठवड्याने. महाराष्ट्र सरकारच्या बहुतेक कार्यालयांत तो 29 फेब्रुवारी 2020 पासून आला. त्याआधी फक्त दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा असे, त्यामुळे घरी जाणं पंधरवड्याचं होतं. आता ते दर आठवड्याचं होऊ शकलं.

जरा हिशेब मांडू या. मुंबई ते नागपूर रेल्वेने 837 किलोमीटर. विदर्भ एक्सप्रेस मुंबईहून संध्याकाळी सातच्या सुमारास निघते आणि सकाळी नऊच्या सुमारास नागपूरला पोचते. परतीची गाडी रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास. म्हणजे आठवड्याच्या 168 तासांपैकी घरी मिळतात जेमतेम 32, आणि गाडीत जातात 28. शुक्रवार, शनिवार, रविवार या तीन रात्रींपैकी घरच्या अंथरुणावर फक्त एक. वर्षातले 44 आठवडे असा प्रवास केला, तर अंतर होतं 73 हजार किलोमीटरच्या वर. पृथ्वीचा घेर 40 हजार किलोमीटर आहे, यावरून कल्पना यावी.

आता तिकिटाचं पाहू, कारण या आयुष्याचा सगळा तोल तिकिटावर असतो. रेल्वेचा पास साधारणपणे 150 किलोमीटरपर्यंतच मिळतो. मुंबई-पुण्यासारखे थोडे अपवाद आहेत, पण रात्रभराच्या प्रवासाला पास नाही. म्हणजे रेल्वेच्या लेखी साप्ताहिक प्रवासी आणि वर्षातून एकदा लग्नाला जाणारा पाहुणा, दोघे सारखेच. दोघांनी एकाच रांगेत उभं राहायचं.

नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी मिळतं. साठ दिवस म्हणजे आठ आठवडे आणि वर चार दिवस. त्यामुळे शुक्रवारच्या गाडीचं आरक्षण नेहमी सोमवारी उघडतं आणि रविवारच्या गाडीचं बुधवारी, सकाळी आठ वाजता. जाणकार साप्ताहिक प्रवासी दर सोमवारी आणि बुधवारी आठच्या ठोक्याला दोन महिन्यांनंतरचं तिकीट काढून मोकळा होतो. ज्या आठवड्यात जाणं जमणार नाही, ते तिकीट रद्द करतो. त्यात पैसे कापले जातात, पण ते घरखर्चातच धरावे लागतात. तत्काळवर भिस्त ठेवू नये. ते आदल्या दिवशी वातानुकूलित वर्गासाठी दहाला आणि स्लीपरसाठी अकराला उघडतं, म्हणजे ऐन कचेरीच्या वेळेत.

वेटिंगचा आकडाही नीट वाचायला शिकावं लागतं. गाडी जिथून सुटते तिथल्या प्रवाशांचा कोटा मोठा असतो, तिकिटं रद्दही जास्त होतात, म्हणून तिथलं वेटिंग चाळीस असलं तरी कधी कधी निघून जातं. मधल्या स्टेशनाचा कोटा लहान. तिथे आठवा नंबरही जागचा हलत नाही. म्हणून मधल्या गावातले काही जण पहिल्या स्टेशनापासूनचं तिकीट काढतात आणि चढण्याचं ठिकाण आपल्या गावाचं नोंदवतात. भाडं थोडं जास्त पडतं, पण झोप पक्की होते. आणि आरएसी म्हणजे बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांनी बसून जायचं. त्या रात्रीनंतर सोमवारी टेबलावरची फाईल काय दिसणार!

गाडीतली रात्र वाया जाऊ द्यायची नसेल, तर काही सवयी लावून घ्याव्या लागतात. रात्री दहा ते सकाळी सहा ही झोपायची वेळ रेल्वेने ठरवलेली आहे, तेव्हा मधला बर्थ दहाला लावा म्हणण्यात संकोच करू नये. पोळीभाजीचा डबा सोबत असावा. परतीच्या गाडीत शेगावची कचोरी खुणावते, पण दर आठवड्याला नको. सोमवारचे कपडे वरच ठेवावेत, कारण कसारा घाटात किंवा पावसाळ्यात कुर्ल्याच्या आसपास गाडी अडकली, की खोलीवर न जाता थेट कचेरी गाठावी लागते. कपड्यांचा आणि औषधांचा एक संच दोन्ही गावांत कायमचा ठेवला, की बॅग निम्मी होते.

या सगळ्याला सरावानं माणूस तयार होतो. अवघड असतात ते घरातले 32 तास. पाच दिवसांची साठलेली कामं त्यांतच उरकायची असतात. गॅस, बँक, सासूबाईंची तपासणी, मुलीची प्रगतिपुस्तकावर हवी असलेली सही. फिरणारी व्यक्ती बाई असेल, तर आठवडाभराची चटणी-भाजीही त्यातच. आणि एक गोष्ट हळूहळू लक्षात येते. आपल्यावाचून घराची घडी बसलेली असते. मुलगी रोजचं सांगणं बाबांना सांगून मोकळी झालेली असते, शनिवारी आपल्याला मिळतो त्याचा सारांश. रागवायचं काम मात्र आपल्याकडे आलं, तर आई म्हणजे आठवड्याला येणारी इन्स्पेक्टर होऊन बसते.

आमच्या घरी दोन नियम उपयोगी पडले. रोज रात्री साडेनऊला फोन, आणि त्यात कामाचं काही बोलायचं नाही. दुसरा नियम, शनिवारी दुपारी जेवणानंतर कोणीही बाहेर जायचं नाही, कामं कितीही पडली तरी. त्या दोन तासांत घर पुन्हा ओळखीचं होतं.

आता समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण झाला, बसचा पर्याय वाढला. काही खासगी कंपन्यांत घरून काम करता येतं. पण खिडकीवर, वॉर्डात किंवा वर्गात जिची हजेरी लागते, तिला जावंच लागणार. म्हणून असा प्रवास सुरू करणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. निघण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी बसून शेवटची तारीख ठरवा. मुलीची दहावी म्हणा, घराचं कर्ज म्हणा, पहिली बदली म्हणा. ती तारीख आली की बदलीचा अर्ज करायचा, मग मिळेल ते गाव पत्करायचं. तारीख ठरलेली नसली, की तीन वर्षांची सहा होतात, आणि दर सोमवारी-बुधवारी सकाळी आठला आपण आणखी दोन महिने पुढचं तिकीट काढत राहतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)