माळ्यावरचे लोखंड

पर्युषण पर्व आटोपून दिवाळीची आवराआवर सुरू झाली, की घराच्या माळ्यावरून आणि पेढीच्या कोठारातून एकेक विस्मृत वस्तू खाली येऊ लागते. बिडाचा जाड तवा, दोन कानांची कढई, फोडणीची पळी, अडकित्ता, लोखंडी खलबत्ता. कित्येक पावसाळ्यांची ओल खाऊन त्यांवर तांबूस गंज चढलेला असतो आणि दाराशी भंगारवाला उभा असतो. तो भाव करतो वजनावर. व्यवहारचतुर घरांनी निदान हा सौदा घाईने करू नये. कारण गंजलेले लोखंड बहुधा वाया गेलेले नसते.

पाणी आणि प्राणवायू यांच्याशी लोखंडाचा संयोग होऊन गंज तयार होतो. तांब्यावर चढणारा थर खालच्या धातूला काही अंशी राखतो. गंज मात्र सच्छिद्र आणि ठिसूळ असल्याने ओल आत झिरपतच राहते. म्हणून तो मुळापासून काढावा लागतो. तत्पूर्वी भांडे हातात उचलून बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. खणखणीत नाद आला तर बहुधा चिंता नाही. बद्द आवाज आला तर तडा शोधावा. तडकलेले बीड पुन्हा आचेवर ठेवू नये. गंजाने पडलेले बारीक खड्डे मात्र उपद्रवी नसतात.

प्रथम कोरड्या भांड्यावर तारेच्या घासणीने किंवा पॉलिश पेपरने सुटा गंज खरवडावा. धूळ नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला फडके बांधावे. उरलेल्या गंजासाठी अनेक जण व्हिनेगर सुचवतात. ते आंबवून केलेले असल्याने ज्या घरांत वर्ज्य असेल तेथे चिंचेचा दाट कोळ किंवा गरम पाण्यात विरघळवलेले लिंबूसत्त्व तेच काम करते. एक लिटर पाण्याला दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व पुरे. भांडे त्यात बुडवून दर अर्ध्या तासाने काढून घासावे. रात्रभर ठेवण्याचा मोह टाळावा. गंज संपला की आम्ल चांगले लोखंडही खाऊ लागते. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, लगेच पुसून, मंद आचेवर पूर्ण कोरडे करावे. येथे दिरंगाई झाली, तर उघड्या पडलेल्या लोखंडावर पाहता पाहता पुन्हा तांबूस झाक येते. तापलेल्या बिडावर गार पाणी ओतणे तर कटाक्षाने टाळावे, ते तडकते.

आता खरे काम. कोमट भांड्याला आतून-बाहेरून तेलाचा हात द्यावा आणि कोरड्या सुती फडक्याने ते जवळजवळ सगळे पुसून टाकावे. हे ‘पुसून टाकणे’ बहुतेकांना पटत नाही, पण जाड थर चिकट राहतो आणि पुढे त्याचे पापुद्रे निघतात. मग धूर येईपर्यंत तापवावे, धूर ओसरला की निवू द्यावे. असे चार-पाच वेळा केले, की तेलाचे रूपांतर कठीण, काळ्या, तुळतुळीत लेपात होते. पाश्चात्त्य रीतीत यासाठी प्राण्यांची चरबी वापरत आल्याचे आढळते. आपल्याला तिची काहीच गरज नाही. जवसाचे, करडईचे वा शेंगदाण्याचे तेल चालते. जवसाचे तेल घ्यायचे तर खाण्याचेच घ्यावे. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या अळशीच्या तेलात ते लवकर वाळावे म्हणून धातूंचे क्षार मिसळलेले असू शकतात.

तव्यावर कांदा परतल्याशिवाय तो मुरत नाही, असा समज सर्वत्र आहे. कांद्याचे काम तेल सारखे पसरण्यापुरतेच आहे. ते सुती चिंधी अधिक नेटकेपणाने करते, आणि कंदमूळ न शिवणाऱ्या स्वयंपाकघराची अडचणही उरत नाही.

अशा भांड्यात चिंचगुळाची आमटी, कोकमाचे सार शिजवू नये. लेप उतरतो, पदार्थ काळवंडतो. भाकरी, घावन, कोरड्या भाज्या यांसाठी मात्र त्याला तोड नाही. चौविहार पाळणाऱ्या घरांत सूर्यास्तापूर्वीच भांडी रिकामी होऊन घासली जातात. ही सवय लोखंडाला विशेष मानवते.

मात्र प्रत्येक जुने भांडे स्वयंपाकात परत आणता येत नाही. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादल्या-परातींना ना आम्ल लावावे, ना त्या रिकाम्या तापवाव्यात. जस्ताची वाफ अपायकारक असते. जुन्या रंगात आणि डागकामात शिसे असण्याचा संभव असतो. अशा वस्तू शोभेपुरत्या ठेवाव्यात. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली असेल तर घरगुती प्रयोग न करता कल्हईवाल्याला शोधावे.

पेढीच्या कोठारात शेर, अधोली, पायली अशी लोखंडी मापे सापडली, तर हात जरा हलका ठेवावा. चार शेरांची पायली मोजणारा तो व्यवहार 1956 च्या वजनमापांच्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने मागे पडला. अशा मापांच्या कडेवर तपासणीचे शिक्के उमटवलेले असत, आणि तारेच्या घासणीखाली तेच प्रथम झिजतात. त्यांना आम्लात बुडवू नये. तेलात भिजवलेल्या काथ्याने गंज सावकाश सोडवावा, पुसावे आणि अगदी पातळ तेलाचा हात देऊन कापडात गुंडाळून कोरड्या फळीवर ठेवावे.