विहिरीतली मोटार आणि विमानातला पंप

अमेरिकेतल्या मराठी माणसाच्या गॅरेजमध्ये काय सापडेल, सांगता येत नाही. बहुतेकांकडे गवत कापायचं यंत्र आणि भारतवारीच्या रिकाम्या बॅगा. काहींकडे मात्र अर्धवट बांधलेलं विमान असतं. खेळण्यातलं नाही, माणसं बसून उडणारं! इथल्या कायद्यात 'एक्सपरिमेंटल अमॅच्युअर-बिल्ट' असा एक वेगळा वर्गच आहे. निम्म्याहून अधिक काम हौशी लोकांनी शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी स्वतः केलेलं असेल, तर तपासणीनंतर अशा विमानाला उडायचं प्रमाणपत्र मिळतं. १९५३ साली स्थापन झालेल्या 'ईएए' या संस्थेची दर जुलैमध्ये विस्कॉन्सिनमधल्या ओशकॉशला भरणारी जत्रा म्हणजे या मंडळींचं पंढरपूर. आपल्याकडे मुंबईत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव २०१६च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहामुळे घरोघरी पोहोचले. ते त्याच जातकुळीचे.

आम्ही तिघं मित्र मिळून असंच एक दोन आसनी विमान बांधतोय. इंजिन लायकॉमिंगचं, १६० अश्वशक्तीचं, कार्बोरेटरवालं. पंखांचा आकार, रंग, खुर्च्या यांवर आमचं पटकन एकमत झालं. सगळ्यात जास्त वाद झाला तो मुठीएवढ्या एका वस्तूवरून : इंधनाचा बूस्ट पंप.

हा पंप लागतोच कशाला? ज्या विमानांचे पंख वर असतात, त्यांत टाकी इंजिनाच्या वर येते. गच्चीवरच्या टाकीतून नळाला पाणी यावं तसं पेट्रोल आपोआप खाली येतं. आमच्या विमानाचे पंख खाली, म्हणजे टाक्याही इंजिनाच्या खाली. तिथून इंधन वर आणतो इंजिनावरच बसवलेला यांत्रिक पंप. त्यातला पडदा फाटला, तर काही सेकंदांत इंजिन गप्प. म्हणून जोडीला विजेवर चालणारा बूस्ट पंप. उड्डाण करताना, उतरताना आणि एका टाकीवरून दुसऱ्या टाकीवर जाताना तो चालू ठेवायचा. कारण जमिनीपासून तीनशे फुटांवर इंजिन थांबलं, तर बटण शोधायलाही वेळ नसतो.

आमच्यातल्या एकाचं म्हणणं, "गाडीचा पंप लाव की! स्वस्त आहे, दणकट आहे, दाबही भरपूर." अडचण त्या भरपूर दाबातच आहे. आमच्या इंजिनाला साधारण अर्धा ते आठ पीएसआय एवढाच दाब चालतो. आजच्या गाड्यांचे पंप चाळीसच्या आसपास किंवा त्याहून जास्त दाब देतात. एवढ्या जोरापुढे कार्बोरेटरमधली सुई बंद राहूच शकत नाही. पेट्रोल उतू जातं, इंजिन गुदमरतं आणि आगीचा धोका वेगळाच. याउलट, यांत्रिक इंजेक्शनच्या इंजिनाला वीस-तीस पीएसआय लागतात, तिथे आमचा पंप कुचकामी. म्हणजे 'चांगला पंप कुठला' हा प्रश्नच अर्धवट आहे. आधी इंजिनाची पुस्तिका उघडायची, मग पंपांची यादी.

दुसरा वाद जागेचा. इंजिनाजवळ बसवला तर वायर कमी लागते, हात पोचतो. हे ऐकून सांगलीचा माझा चुलतभाऊ फोनवर हसलाच. "अरे, मोटार विहिरीच्या काठावर ठेवून खोलातलं पाणी ओढतं का कधी?" शेतकऱ्याला जे ठाऊक आहे, तेच इथे लागू. पंप ढकलण्यात पटाईत, ओढण्यात कच्चा. ओढताना नळीतला दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की पेट्रोल कमी तापमानालाच उकळू लागतं. नळीत वाफ धरली की पंप नुसता घरघरतो, इंधन पुढे सरकत नाही. यालाच 'व्हेपर लॉक' म्हणतात. उन्हाळ्यात, तापलेल्या इंजिनाजवळ हा धोका जास्त. गाडीचं पेट्रोल वापरलं तर आणखी जास्त. म्हणून पंप टाकीजवळ, शक्य तितका खाली आणि इंजिनाच्या उष्णतेपासून लांब. त्याच्या आधी गाळणी हवी. आणि पंप बंद असतानाही त्याच्यातून इंधन आरपार जायला हवं, नाहीतर आधारासाठी लावलेला पंपच वाटेत बूच होऊन बसायचा.

तिसरी गोष्ट मोजायची. पूर्ण ताकदीला आमचं इंजिन ढोबळ हिशेबाने तासाला पन्नास लिटर पितं. कारखान्यात बनणाऱ्या विमानांचा जुना निकष सांगतो, की पंपाने गरजेच्या १२५ टक्के इंधन द्यावं. म्हणजे मिनिटाला एक लिटरहून थोडं जास्त. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने, एनटीएसबीने, २०१२ साली घरबांधणीच्या विमानांचा अभ्यास करून इंधन यंत्रणेची अशी चाचणी आणि तिचा लेखी अहवाल सक्तीचा करावा, अशी शिफारस केली होती. आम्ही विमानाचं नाक चढाईच्या कोनात वर केलं, टाकीत थोडंच पेट्रोल ठेवलं, कार्बोरेटरपाशी नळी सोडवून मापाच्या डब्यात धरली. जवळ अग्निशामक, दारं सताड उघडी. कमी दाबाच्या साध्या पंपाने मिनिटाला दीड लिटर दिलं. दोन्ही टाक्यांवर, तीन-तीनदा. वाद तिथेच मिटला.

पुढे रोजची सवय. इंजिन सुरू करण्याआधी बूस्ट पंप लावून दाब बघायचा, सुरू झाल्यावर तो बंद करून यांत्रिक पंपाचा दाब बघायचा. दोन्ही एकदम चालू ठेवले, तर कुठला मेला हे कळणार कसं?

आमच्या इंजिन-पंख्याच्या जोडीला चाचणीचे चाळीस तास नेमून दिलेत. तोवर हौसेनं कुणाला शेजारी बसवायची परवानगी नाही. बायकोने त्या मोजमापाची वही मागून घेतली, आकडे वाचले आणि एवढंच म्हणाली, "चाळीस तास होऊ देत. एकेचाळिसाव्याला मी येते."