बीटलला पोर्शची चाकं

पुण्यातल्या एका गॅरेजात 1965 ची फोक्सवॅगन बीटल घोड्यांवर उभी आहे. चारही चाकं उतरवलेली. उघड्या ड्रमच्या कडेकडेने बोल्टांची पाच भोकं दिसतात. ती ज्या वर्तुळावर बसलीत त्याचा व्यास 205 मिलिमीटर. शेजारी गोणपाटावर पोर्श 911 ची जुनी, पाच पाकळ्यांची फुक्स चाकं पडली आहेत. त्यांचं वर्तुळ 130 चं. पोर्शची पहिली 356 गाडीही 205 वरच धावायची, इतकं या दोघींचं घराणं एक. पुढे वाटा वेगळ्या झाल्या.

"पाच भोकांत समोरासमोरचं माप मिळत नाही," म्हणत गॅरेजचे मेकॅनिक मामा शेजारशेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर घेतात आणि 0.588 ने भागतात. 120.5 चे 205 होतात. मान हलते.

मग ॲडॉप्टर हातात येतो: ॲल्युमिनियमची जाड चकती. बाहेरची पाच भोकं ड्रमसाठी, आतले पाच स्टड पोर्शच्या चाकासाठी. दोन्ही वर्तुळांत साडेसदतीस मिलिमीटरचं अंतर असल्याने मध्ये भरपूर धातू उरतो. म्हणून हा जोड मला भरवशाचा वाटतो. मामा ड्रमचा दर्शनी पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून चकाकवतात. गंज किंवा रंगाचा थर मध्ये राहिला तर तो दबतो आणि बोल्ट सैल पडतात.

"ड्रमलाच नवी भोकं पाडली असती तर?" गाडीची मालकीण विचारते.

"ताई, पाडलेलं भोक बुजत नाही."

मला हेच पटतं. साठ वर्षं टिकलेल्या ड्रमवर ड्रिल चालवायला हात धजावता कामा नये. चकतीमुळे चाक तिच्या जाडीइतकं बाहेर सरकतं, बेअरिंगवरचा ताण वाढतो, मडगार्डशी टायर घासतो का तेही पाहावं लागतं. पण चकती काढता तरी येते.

चकत्या बसतात. बोल्टांची डोकी पृष्ठभागाच्या आत गेलीत ना, हे मामा पट्टी आडवी ठेवून बघतात. पहिलं चाक चढतं. पण नट हातात घेताच ते थांबतात. नटाचं टोक शंकूसारखं उतरतं; चाकातली बैठक मात्र अर्धगोल. नटाला निळा रंग लावून ते हलकेच आवळतात, परत काढतात. बैठकीत रंगाची एक बारीक रेघ उमटली आहे.

"एवढ्याशा कडेवर चाक धरून राहील? गोल सीटचे नट पाहिजेत. वीसच्या वीस."

"आज नाही होणार?"

"आज नाही."

ताई फोन काढतात, नटांचा फोटो घेतात, आट्यांचं माप विचारून लिहून घेतात. मामा चकत्यांचे बोल्ट सोडवायला लागले आहेत. पोरगा भिंतीशी टेकवलेल्या जुन्या लोखंडी रिमा एकेक करून आणतो. त्या ड्रमवर जशाच्या तशा बसतात, आणि टॉर्क रेंचचा पहिला कट्ट आवाज येतो.