समजून घ्या : दिंडीच्या गाडीची बॅटरी तिसऱ्या मुक्कामालाच का बसते?

पहाटे तंबू उतरवला, भांडी गाडीत चढली, माउली पुढे निघाल्या. चालकाने सेल्फ मारला आणि गाडीतून फक्त 'कट्' असा आवाज आला. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांच्या पालखीसोबत चालणाऱ्या दिंड्यांना हा प्रसंग नवा नाही. अशा वेळी बहुतेकांचा पहिला निष्कर्ष 'बॅटरी गेली' हाच असतो आणि गाडी बॅटरीच्या दुकानासमोर उभी राहते. पण अनेकदा बॅटरी खराब झालेली नसते, ती फक्त रिकामी झालेली असते. नवी घातली तरी चार दिवसांत तीही रिकामी होते. असे का होते आणि काय तपासावे, ते पाहू.

जमा कमी, खर्च जास्त

दिंडीचा ट्रक किंवा टेम्पो हे पंधरा-वीस दिवसांचे चालते-फिरते घर असते. रात्री दिवे, माइक आणि मोबाइल चार्जिंग हे सगळे त्याच्याच बॅटरीवर चालते. पालखीचा रोजचा टप्पा मात्र साधारण १५ ते २० किलोमीटरचा. गाडी पुढच्या मुक्कामी अर्ध्या-पाऊण तासात पोहोचते आणि मग दिवसभर उभी राहते.

एक साधा हिशोब करू. १० वॉटचे ४ दिवे ५ तास लावले, तर २०० वॉट-तास लागतात. २० मोबाइल पूर्ण चार्ज करायला सुमारे ३०० वॉट-तास. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरली, तर एका रात्रीचा खर्च ६०० वॉट-तासांच्या आसपास जातो. १२ व्होल्टच्या बॅटरीतून हे म्हणजे ५० अँपिअर-तास.

आता जमा पाहा. डायनॅमोने (अल्टरनेटरने) ३० अँपिअरने अर्धा तास चार्ज केले, तर मिळतात फक्त १५ अँपिअर-तास. बारामतीच्या मुक्कामी १०० अँपिअर-तासांची बॅटरी भरलेली होती असे धरू. सकाळी ती ५० वर येते, सणसरला पोहोचेपर्यंत ६५ होते. दुसऱ्या सकाळी १५ उरतात. निमगाव केतकीला पोहोचताना ३० आणि तिथे मध्यरात्रीच दिवे जातात. सेल्फसाठीही हीच बॅटरी असेल, तर गाडी त्याआधी सणसरलाच रुसते.

काटेवाडीचे मेंढ्यांचे रिंगण किंवा बेलवाडीचे गोल रिंगण यांच्या गर्दीत इंजिन तासभर सुरू राहिले तरी फारसा फायदा होत नाही. कमी फेऱ्यांवर डायनॅमो पूर्ण करंट देत नाही.

आधी कुठे पाहायचे?

काही शे रुपयांत मिळणारा मल्टिमीटर गाडीत ठेवा आणि याच क्रमाने तपासा.

१. टर्मिनल : खांबावर पांढरा-हिरवा थर साचला आहे का? क्लॅम्प हाताने हलतो का? गाडी बंद करून आधी काळी (निगेटिव्ह) तार काढा, सोडा घातलेल्या पाण्याने थर धुवा, कोरडे करून घट्ट आवळा. पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका. जोडताना काळी तार शेवटी.

२. गाडी बंद असताना व्होल्टेज : सगळा भार बंद करून किमान तासाभराने मोजा. १२.६ किंवा जास्त म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट असतात, तिथे प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा.

३. इंजिन सुरू असताना : थोडा रेस देऊन १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत (ट्रकला दुप्पट). आकडा वाढतच नसेल, तर डायनॅमोचा पट्टा, वायर किंवा डायनॅमो तपासा. १५ च्या वर जात असेल, तर रेग्युलेटर बिघडलेला आहे आणि बॅटरीतले पाणी उडून जाईल.

४. वायरची जाडी : दिव्यांसाठी मागे वेगळी बॅटरी ठेवली असेल, तर मीटर तिथेही लावा. इंजिनजवळ १४.२ आणि मागे १३.३ दिसत असेल, तर दोष बॅटरीचा नाही, बारीक वायरचा. ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये जाऊन-येऊन १० मीटर अंतरात ३० अँपिअरला जवळपास ०.९ व्होल्ट पडतात. १६ ची वायर टाकली, तर हीच घट साधारण ०.३५ होते. फ्यूजही पाहून घ्या.

मीटर नसेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल आहे. दिवे लख्ख राहिले आणि फक्त 'कट्' झाले, तर सेल्फ मोटरकडे पाहा.

ट्रकमध्ये हमखास होणारी चूक

२४ व्होल्टच्या ट्रकमध्ये १२ व्होल्टचे दिवे लावण्यासाठी दोनपैकी एकाच बॅटरीवरून तार काढली जाते. ती एकटी रिकामी होते, दुसरी भरलेली राहते. चार्जिंगच्या वेळी एक उपाशी आणि एक जास्त चार्ज, असे होऊन दोन्हींचे आयुष्य घटते. यासाठी २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर वापरा.

उपाय काय?

- सेल्फची बॅटरी वेगळी आणि दिवे-मोबाइलची वेगळी ठेवा, मध्ये आयसोलेटर बसवा. मागची रिकामी झाली तरी गाडी सुरू होईल.
- मुक्कामाच्या जागी अधिकृत वीजजोडणी असेल, तर १० अँपिअरच्या चार्जरने सहा-सात तासांत ५० अँपिअर-तासांची तूट भरते. आकडा टाकू नका. ओल्या जमिनीवर उघडे जोड नकोत, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावा.
- मोबाइल इन्व्हर्टरऐवजी थेट १२ व्होल्टच्या यूएसबी चार्जरवर लावा, तेही शक्यतो गाडी चालू असताना.
- सोलर पॅनेलची मदत होते, पण आषाढातल्या ढगाळ हवेत त्याच्या पूर्ण क्षमतेचा हिशोब धरू नका.
- लिथियम बॅटरी थेट डायनॅमोला जोडू नका, त्यासाठी योग्य डीसी-डीसी चार्जर लागतो.

जम्प स्टार्ट करताना

दोन्ही गाड्यांचे व्होल्टेज सारखेच हवे. २४ व्होल्टच्या ट्रकवरून १२ व्होल्टचा टेम्पो सुरू करू नका. लाल तार आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी तार चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब.

हा क्रम ठिणगीसाठी आहे. चार्ज होताना लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो पेट घेतो. दिंडीच्या गाडीत त्याच जागेत गॅस सिलिंडर आणि शेगडी असते, कधी वर माणसेही झोपलेली असतात. त्यामुळे चार्जिंग नेहमी मोकळ्या हवेत, स्वयंपाकाच्या जागेपासून दूर करा. बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळ फ्यूज नसलेली एकही वायर ठेवू नका.

कॅरव्हॅनलाही हेच लागू

उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित पक्षी पाहायला कॅरव्हॅन घेऊन जाणाऱ्यांचेही गणित वेगळे नाही. गाडी दोन दिवस एकाच जागी उभी राहिली, तर जमा शून्य आणि फ्रिज-पंख्याचा खर्च सुरूच. निघण्यापूर्वी रात्रीचा खर्च आणि दिवसाची जमा कागदावर मांडा. तूट दिसत असेल, तर नवी बॅटरी घेऊन ती भरून निघणार नाही. चार्जिंगची सोयच वाढवावी लागेल.